बेण्याचे पाणी ५० अंशांवर : घरी जुळवता येणारा तापमान-नियंत्रक
(ऊस विकास विभागाकडून)



खोडवा खुजा आणि काणी हे रोग प्रामुख्याने बेण्यातून येतात. ऊस उगवून आल्यावर रोगट बेट फवारणीने बरे होत नाही, आणि लागणीपेक्षा खोडव्यात फटका जास्त बसतो. खुजा रोग तर वरून ओळखूही येत नाही. ऊस बारीक राहतो, कांड्या आखूड पडतात आणि आपण खत-पाण्याला दोष देत बसतो. म्हणून बेणे मळ्याची टिपरी ५० अंश सेल्सिअस पाण्यात २ तास ठेवावीत, अशी शिफारस आहे.

हात घालून घेतलेला अंदाज इथे चालत नाही. पाणी थंड राहिले तर रोगजंतू तगतात. तीन-चार अंश जास्त झाले तर डोळे शिजतात. चुलीवरच्या पाण्याला दोन तास एका अंशावर धरणे कठीण, पण विजेचा नियंत्रक ते काम करतो.

साहित्य : २०० लिटरचे स्वच्छ लोखंडी पिंप (औषधाचे नको), ३ किलोवॅटचा पाण्यात बुडणारा हीटर, सेन्सरसह डिजिटल थर्मोस्टॅट, कॉन्टॅक्टर, २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. परदेशात घरी बिअर आंबवणारे हौशी लोक पिंपाची उष्णता राखायला असाच थर्मोस्टॅट वापरतात.

जोडणी : ३ किलोवॅटचा हीटर सुमारे १३ अँपिअर ओढतो. थर्मोस्टॅटमधला रिले बहुधा १० अँपिअरचा असतो, म्हणून हीटर थेट जोडला तर रिले जळतो किंवा चिकटून बसतो. चिकटला की पाणी तापतच राहते आणि बेणे वाया जाते. तेव्हा थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढावी आणि हीटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. मोटारीच्या स्टार्टरचे तत्त्व हेच. मात्र जुन्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर उचलून बसवू नये. थ्री फेजच्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते, आपल्याला २३० व्होल्टची हवी.

थर्मोस्टॅट ५० वर लावावा, फरक अर्धा अंश ठेवावा. सेन्सर हीटरजवळ किंवा तळाशी नको. टिपऱ्यांच्या मधोमध लोंबता ठेवावा. आधी काचेच्या चांगल्या थर्मामीटरशी आकडा ताडून पाहावा आणि फरक असेल तर दुरुस्त करावा.

प्रक्रिया : पिंपात १५० लिटर पाणी घ्यावे. २५ अंशांवरून ५० वर यायला साधारण दीड तास लागतो. व्होल्टेज १८० वर आले तर हीटरची ताकद साठ टक्क्यांवर येते, म्हणजे वेळही तेवढा वाढतो. जाळीच्या गोणीत २५ किलो, म्हणजे दोन डोळ्यांची सुमारे १०० टिपरी भरून सोडावीत. हीटरला ती टेकू नयेत म्हणून मध्ये जाळी लावावी. थंड टिपरी पडताच पाणी तीनेक अंशांनी उतरते. ते पुन्हा ५० वर आल्यावरच घड्याळ लावावे. दर दहा मिनिटांनी वीज बंद करून कोरड्या बांबूने पाणी ढवळावे. पिंपाला बाहेरून पोती गुंडाळावीत. वीज जाऊन पाणी ४९ च्या खाली उतरले तर ती खेप प्रक्रिया झालेली समजू नये.

पाण्यातून काढल्यावर टिपरी शिफारशीच्या बुरशीनाशकात बुडवून लगेच लागण करावी. बेणे तोडायचा कोयताही निर्जंतुक करावा; खुजा रोग कोयत्यावरूनही पसरतो.

हिशेब : पाच गुंठ्यांच्या बेणे मळ्याला साधारण १,२५० टिपरी लागतात, म्हणजे तेरा खेपा. रोज तीन खेपा धरल्या तर पाच दिवसांत काम उरकते. पुढच्या लागणीला त्यातून एकरभर निरोगी बेणे मिळते.

गवताळ वाढीसाठी मात्र ५४ अंशांची बाष्पयुक्त उष्ण हवेची यंत्रणा अधिक भरवशाची. ती घरी होत नाही. गवताळ बेटे दिसली तर ती मुळासकट उपटावीत आणि त्या प्लॉटचे बेणे घेऊ नये.

शेवटी महत्त्वाचे. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र येतात. पिंपाला अर्थिंग हवेच, आरसीसीबी नसेल तर हे काम करूच नये. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. शंका असल्यास आपल्या शेतकी गट कार्यालयात विचारावे.