पाहुणे सूर, घरचा ताल

१७ जुलै १९६७ रोजी साओ पावलोमध्ये एक मोर्चा निघाला. ब्राझीलच्या संगीतात इलेक्ट्रिक गिटार नको, अशी त्याची मागणी होती. गायिका एलिस रेजिनाच्या बरोबरीने त्यात पंचवीस वर्षांचा गायक-गीतकार जिल्बेर्तो जिल चालत होता. अवघ्या तीन महिन्यांनी टीव्ही रेकॉर्डच्या गीतमहोत्सवात याच जिलने 'डोमिंगो नो पार्की' हे गाणं सादर केलं, तेव्हा साथीला 'ओस मुतांतेस' हा तरुण रॉक गट होता आणि त्यांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार होती. गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला. वरवर पाहता ही सरळसरळ कोलांटउडी. पुढच्या अर्धशतकातल्या त्याच्या अल्बमांमध्ये सांबा, रॉक, बायाओ, आफ्रिकी ठेके, रेगे, डिस्को असं सगळं सापडतं, त्यामुळे हा कलावंत वाऱ्याची दिशा पाहून चालतो, हा समज आणखी पक्का होतो. पण हे अल्बम ओळीने ऐकले तर वेगळं काही लक्षात येतं. बाहेरचा सूर घरात घ्यायला जिलची कधीच ना नव्हती. फक्त तो घरच्या तालावर बसला पाहिजे, एवढी एक अट त्याने जवळजवळ सगळीकडे पाळली. महोत्सवातल्या त्या गाण्यातही रॉक गटाच्या शेजारी बेरिंबाव हे एकतारी वाद्य वाजत होतं आणि गाण्याची चाल बाहियातल्या कापोएराच्या खेळातून आलेली होती.

या अटीचं मूळ त्याच्या उजव्या हातात आहे. जिलचा जन्म १९४२चा, बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरातला. बालपण मात्र आतल्या कोरड्या मुलखातल्या इतुआसू गावी गेलं. तिथे त्याच्या कानावर पडला तो लुइझ गोंझागाचा अकॉर्डियन आणि त्यावरचा बायाओ हा नाचाचा ताल, म्हणून तो आधी अकॉर्डियन शिकला. पुढे जोआव जिल्बेर्तोचा बोसा नोव्हा ऐकून त्याने नायलॉनच्या तारांची गिटार हाती घेतली. जोआवच्या पद्धतीत अंगठा खालच्या तारांवर सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका धरतो आणि बाकीची बोटं लहान तालवाद्यांसारखी त्या ठोक्याच्या मागेपुढे पडतात. एकच माणूस सूर आणि ताल दोन्ही सांभाळतो. जिलने त्याच हाताला बायाओ शिकवला, बाहियाच्या मिरवणुकांचे ठेकेही शिकवले. असा हात तयार झाला की सोबत कोणतंही वाद्य आलं तरी गाणं कुठल्या मातीतलं आहे, ते ऐकू येतं.

या हाताची परीक्षा १९६९मध्ये झाली. १९६८ सालच्या 'त्रोपिकालिया' या सामूहिक अल्बममुळे जिल आणि त्याचा गायक-मित्र कायतानो वेलोझू ब्राझीलच्या लष्करी राजवटीच्या डोळ्यांवर आले होते. त्या डिसेंबरात दोघांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांना साल्वादोरमध्येच राहण्याची सक्ती झाली. तिथे जिलने नव्या अल्बमसाठी फक्त आवाज आणि गिटार ध्वनिमुद्रित केली. वाद्यवृंद आणि इलेक्ट्रिक वाद्यं संगीत-संयोजक रोजेरियो दुप्रात यांनी नंतर दूरच्या स्टुडिओत त्यावर चढवली. म्हणजे अल्बमचा सांगाडा अक्षरशः एका गिटारीचा होता, रॉकचा साज त्यावर मागाहून आला. पुढे त्याला देश सोडावा लागला. लंडनमधला वनवास संपवून तो १९७२मध्ये परतला आणि 'एश्प्रेसो २२२२' काढला. लंडनच्या रॉकमध्ये मुरलेल्या माणसाच्या या अल्बमची सुरुवात होते ती ब्राझीलमधल्याच कारुआरूच्या बासरीवाल्यांच्या ताफ्याने. त्यातच 'शिक्लेती कॉम बनाना' हे जुनं गाणं आहे. अमेरिकेशी संगीताची देवाणघेवाण जरूर करू, पण बरोबरीच्या नात्याने, असा त्याचा आशय. जिलच्या सगळ्या कामाचा जाहीरनामाच म्हणावा असं हे गाणं आहे.

पुढचे अल्बम याच वाटेने जातात. 'रेफाझेंदा' (१९७५) पुन्हा कोरड्या मुलखात शिरतो, दोमिंगिन्योसच्या अकॉर्डियनसह. त्याच वर्षी गायक जॉर्ज बेनबरोबर केलेल्या जोड-अल्बममध्ये 'फिल्योस दे गांधी' हे दहा मिनिटांहून लांब गाणं आहे. १९४९ साली, महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या वर्षी, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी त्यांच्या नावाने कार्निव्हलचा एक मिरवणूक-गट काढला होता. तो ओसरू लागला तेव्हा जिल स्वतः त्यात सामील झाला आणि त्याने हे गाणं लिहिलं. आफ्रिकी वंशाच्या कामगारांनी भारतातल्या नेत्याचं नाव घ्यावं आणि ताल आपल्या देवघरातला ठेवावा, हीच तर जिलची रीत आहे. 'रेफावेला'मागे (१९७७) लागोसच्या आफ्रिकी कला महोत्सवाचा प्रवास आहे. तिथे ऐकलेलं संगीत साल्वादोरच्या कृष्णवर्णीय वस्त्यांशी नातं सांगणारं म्हणून अल्बममध्ये येतं.

खरा आक्षेप पुढचा आहे. १९७९चा 'रेआल्से' लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला, त्यात डिस्कोची झगमग आहे, आणि बाजारासाठी धार बोथट केली, असं अनेकांना वाटलं. झगमग आहेच, काही ठिकाणी ती गाण्याला झाकूनही टाकते. पण याच अल्बममधल्या 'तोदा मेनिना बाइयाना'त बाहियाच्या कार्निव्हलची चाल स्पष्ट आहे. बॉब मार्लीच्या गाण्याची पोर्तुगीज आवृत्ती 'नाऊं शोरी माइस' इथेच आहे. जमैकाचं गाऱ्हाणं तिथे ब्राझीलचं होतं, हुकूमशाहीत पकडलेल्या आणि नाहीशा झालेल्या मित्रांची आठवण होतं. फक्त खपासाठी रेगे उचलणाऱ्याने एवढे कष्ट घेतले नसते. दुसरा आक्षेप असा की असं मिश्रण आज कोणीही करतो. करतो हे खरं. पण बरेचदा घरचं वाद्य चवीपुरतं वर भुरभुरलेलं असतं आणि खालचा ताल मात्र बाजाराचा असतो. जिलच्या चांगल्या अल्बमांत ही मांडणी उलटी आहे.

२०१४मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, जिलने 'जिल्बेर्तोस सांबा' हा अल्बम जोआवच्या गाण्यांना वाहिला. तोवर तो पाच वर्षांहून अधिक काळ देशाचा सांस्कृतिक मंत्री राहून परतला होता, दोन ग्रॅमी मिळवून झाल्या होत्या. तिथे पुन्हा तोच अंगठा, तीच बोटं ऐकू येतात, फक्त आता त्यांत रॉक, आफ्रिका आणि रेगेची मुरवण आहे. १९६७च्या मोर्चातल्या लोकांना भीती होती की परकं वाद्य घरचं संगीत गिळून टाकेल. भीती खोटी नव्हती, पण त्यांनी पहारा वाद्यावर बसवला. जिलने तो हातावर ठेवला, म्हणून त्याला दार बंद करावं लागलं नाही.