शाळा कोणती, आणि केव्हां?

मुलाचें वय सहाच्या घरांत आलें म्हणजे जळगांव-धुळ्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत रात्रीं जेवणानंतर एक हिशेब मांडला जातो. पगार इतका, घरभाडें इतकें आणि शाळेची फी इतकी. परवां अशाच एका कारकून गृहस्थांनीं मला विचारलें, "भाऊ, पोराला सरकारी शाळेंत घातलें तर लोक काय म्हणतील? आणि खाजगी शाळेंत घातलें तर धाकटीचें काय करूं?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावें. खरी मेख दुसऱ्या प्रश्नांत आहे. खाजगी कीं सरकारी हें एकदांच ठरवून भागत नाहीं. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर तें नव्यानें ठरवावें लागतें, कारण घरांतील पैसा मोजका असतो आणि मुलें एकाहून अधिक असतात.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करूं. सरकारी शाळा म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची शाळा. "खाजगी" या शब्दांत मात्र दोन अगदीं निराळ्या गोष्टी येतात. एक, शिक्षणसंस्थेनें चालविलेली, परंतु जिच्या शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून होतात अशी शाळा. दुसरी, पालकांच्या फीवर चालणारी विनाअनुदानित शाळा. पहिलीचा लौकिक दुसरीच्या पदरांत टाकून आपण पुष्कळदां फसतों.

या वांटणीला जुना इतिहास आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें अनुदानाची पद्धत घालून दिली. १८८२ च्या हंटर कमिशननें सुचविलें कीं, प्राथमिक शिक्षण स्थानिक बोर्डें व नगरपालिका यांनीं पाहावें आणि माध्यमिक शिक्षण शक्य तों खाजगी संस्थांकडे सोंपवून सरकारनें त्यांना अनुदान द्यावें. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यांत आल्या. १९६२ सालीं स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे पुढें खेड्यापाड्यांतील शाळा गेल्या. माध्यमिक शाळा मात्र गांवोगांवच्या दात्यांनीं व शिक्षकांनीं उभारल्या. अमळनेरचें प्रताप हायस्कूल हें त्याचें ठळक उदाहरण. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या औदार्याचें नांव त्या शाळेला आहे, आणि साने गुरुजींनीं १९२४ ते १९३० पर्यंत तेथें शिकवून छात्रालयाचीहि जबाबदारी वाहिली. तेव्हांच्या मुलाचा रस्ता बहुधा असा असे : चौथी किंवा सातवीपर्यंत गांवांतील बोर्डाची शाळा, नंतर तालुक्याच्या गांवीं संस्थेचें हायस्कूल.

आज पुष्कळ घरांनीं हा क्रम उलटा केला आहे. मूल सर्वांत लहान असतें तेव्हांच फीचा मोठा भार उचलावयाचा, आणि तें मोठें होईपर्यंत हात रिकामा करून बसावयाचें! या उलट्या क्रमाचा लाभ किती, हें पाहिलें पाहिजे.

पहिल्या चार-पांच इयत्तांत मुलानें मिळवावयाचें तें एवढेंच : अर्थ कळून वाचणें, आपल्या मनांतलें लिहिणें, आणि हिशेब बिनचूक करणें. खानदेशांतील अनेक मुलें घरीं अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. त्यांना शाळेंतील ग्रांथिक मराठी ही एक पायरी चढावीच लागते. तिच्याच जोडीला इंग्रजी माध्यमाची दुसरी पायरी ठेवली, तर पुष्कळ मुलें अक्षरें ओळखतात आणि अर्थाला मुकतात. येथें एका प्रयोगाचा दाखला देतों. त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील १८० गांवांत सोडत काढून कांहीं मुलांना खाजगी शाळांची फी देण्यांत आली. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनीं त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केले. दोन वर्षांनीं आणि चार वर्षांनींहि तेलुगु व गणित या विषयांत खाजगी शाळेंतील मुलें सरकारी शाळेंतील मुलांच्या पुढें गेलेलीं आढळलीं नाहींत. हिंदींत मात्र तीं सरस ठरलीं. न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहून कमी होता. हा प्रयोग खेड्यांतील स्वस्त शाळांचा होता. शहरांतील महागड्या शाळांना तो जसाचा तसा लावतां येणार नाहीं. तथापि फी भरली म्हणजे वाचन आलें, हा समज त्यानें डळमळीत होतो.

म्हणून पहिल्या टप्प्यावर माझें मत घराजवळच्या मराठी शाळेकडे झुकतें. पण डोळे मिटून नव्हे. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, किंवा निवडणूक आणि जनगणना यांच्या कामांत शिक्षक वारंवार गुंतत असतील, तर शाळा फुकट असूनहि महाग पडते. अशी शंका असेल तर भर दुपारीं शाळेंत जावें. तिसरीच्या मुलाला न पाहिलेलें पान वाचावयास द्यावें आणि हातच्याची वजाबाकी घालावी. खाजगी शाळेंतहि हीच परीक्षा घ्यावी. इमारत आणि गणवेश यांची परीक्षा आपण न सांगतांच घेतों!

दुसरा टप्पा पांचवीपासून दहावीपर्यंतचा. येथें विज्ञान, गणित, इंग्रजी यांना त्या त्या विषयाचा जाणता शिक्षक लागतो, प्रयोगशाळा लागते. जुन्या अनुदानित संस्थांची खरी किंमत येथें आहे. फी बेताची आणि शिक्षक बहुधा टिकून राहणारे. पांचवींत असतांना परीक्षा देऊन सहावीपासून जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयांत जाण्याची वाटहि आहे. तेथें राहणें-जेवणें विनामूल्य असून निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठीं असतात.

तिसरा टप्पा दहावीनंतरचा, आणि खरा पैसा लागतो तो येथें. जळगांवचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तेथें २०१८ पासून चालू असलेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचें भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय, यांतील जागा गुणांवर मिळतात. सरकारी व खाजगी यांच्या फींतील अंतर वैद्यकीय शिक्षणांत तर डोळे फिरविणारें आहे. गुण थोडे कमी पडले तर खाजगी महाविद्यालयाची फी, मिळाले तरी वसतिगृह व पुस्तकें, याला शिल्लक लागते. पहिलींत वांचविलेला रुपया येथें उपयोगीं पडतो. आणि त्या गृहस्थांच्या धाकटीसाठीं एक गोष्ट : कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर केंद्रीभूत पद्धतीनें व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळविणाऱ्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कांत पूर्ण सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं घेतला. पण तेथवर पोंचावयाचें तर मधल्या वर्षांत तिच्या शिक्षणाचा पैसा थोरल्याच्या बालवर्गांत खर्च झालेला नसावा.

शेवटीं, जी गोष्ट घरच्या हिशेबांत मांडली जात नाहीं ती सांगतों. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळेंत व्यवस्थापन समिति नेमावयाची असते. तिच्यांत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. विनाअनुदानित शाळेला हें कलम लागू नाहीं. तेथें फी ठरवितांना पालकांच्या प्रतिनिधींचें मत घेतात, कारभार मात्र चालकांचा. म्हणजे जेथें आपल्याला कायद्यानें खुर्ची आहे, तेथून शिकलेलीं कुटुंबें उठून गेलीं. पत्र लिहिणारा, अधिकाऱ्याला जाब विचारणारा पालक गेला कीं शाळा खचते; आणि मागें उरतें तें मजुराचें मूल, ज्याच्या बापाला निवडीचा प्रश्नच पडत नाहीं. दुर्बल घटकांसाठीं खाजगी शाळांत २५ टक्के जागा आहेत. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास त्यांतून खाजगी शाळांना सूट देण्याचा २०२४ मधील बदल मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द केला, हें ठीकच झालें. पण उरलेल्या मुलांना आधार आहे तो वस्तींतल्या शाळेचाच.

त्या गृहस्थांना मीं एवढेंच सांगितलें : आधीं जवळची शाळा आंत जाऊन पाहा. बरी वाटली तर मुलगा घाला आणि समितींत स्वतः बसा. बरी नसेल तर निःशंकपणें दुसरी शोधा. पण "लोक काय म्हणतील" या एका कारणासाठीं धाकटीचा वांटा खर्चूं नका.