पाळणाघराची पावती कुठं लावू?

सकाळी साडेआठ. कॉलेज रोडवरून एक स्कूटी सुसाट निघालीय. पुढे दोन वर्षांचं पिल्लू, पाठीला लॅपटॉप. पिल्लूला इंदिरानगरच्या पाळणाघरात सोडायचं आणि नऊच्या आत अंबडला पंच करायचं! ही तुम्हीच असाल, नाहीतर तुमची मैत्रीण.

मग जानेवारीत ऑफिसचा मेल येतो, 'टॅक्स प्रूफ्स सबमिट करा.' एलआयसी, पीएफ, होमलोन... आणि पाळणाघराच्या बारा पावत्या? त्या कुठंच बसत नाहीत.

हिशोब करून बघा. महिना 6,000 म्हणजे वर्षाला 72,000. जुन्या पद्धतीत 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल आणि ही वजावट मिळाली असती, तर सेससकट 22,464 रुपये वाचले असते. पण आपला कायदा याला घरगुती खर्च मानतो. तुमचं स्वतःचं क्लिनिक असेल तर रिसेप्शनिस्टचा पगार धंद्याच्या खर्चात जातो. मुलाला सांभाळणाऱ्या मावशींचा नाही. मावशी आल्या नाहीत तर क्लिनिक उघडणार कोण, हे कायदा विचारत नाही. कॅनडात विचारतात. तिथं सात वर्षांखालच्या मुलामागे 8,000 डॉलरपर्यंतचा सांभाळण्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, कारण तो कमावण्यासाठीच केलेला असतो. पटतंय ना?

आपल्याकडे जवळपास जाणारी वाट एकच, ट्यूशन फी. जुन्या कायद्याचं 80सी, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलम 123. दीड लाखाच्या मर्यादेत, दोन मुलांपर्यंत. प्लेस्कूल आणि नर्सरीची फीसुद्धा यात चालते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, व्हॅनचे पैसे मात्र नाहीत. प्लेग्रुप आणि डे-केअर एकाच छताखाली असेल तर पावती वेगवेगळी मागा. ट्यूशनचा भाग तेवढाच दाखवता येतो. उगाच सगळी रक्कम 'फी' म्हणून लिहून घेऊ नका हं! आणि पीएफ-होमलोननेच दीड लाख भरले असतील, तर फी नवऱ्याच्या खात्यातून भरा. ज्यानं भरली, त्यालाच वजावट.

नव्या करपद्धतीत मात्र हेही नाही. तिथं नोकरदारांना 75,000 ची स्टँडर्ड डिडक्शन, बस्स. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि दुसरी कमाई नसेल, तर तसाही टॅक्स शून्य. पावत्यांचं टेन्शन सोडा.

खरा दणका वेगळीकडे आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाण्याची मुभा दिली. सातपूर-अंबडमधल्या कितीतरी कंपन्या या आकड्यात सहज बसतात. नोकरी देतानाच ही सोय लेखी कळवायची, असंही त्यात होतं. तेव्हा प्रूफ्स द्यायला एचआरकडे जाल, त्याच फेरीत विचारा : "आपलं पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे?"