गोडसेभटजींची आठवण व तिचें हस्तलिखित

कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले व झांशीच्या वेढ्यांत सांपडले. एप्रिल १८५८ मध्यें शहर पडल्यावर झालेली कत्तल व लूट त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. ती हकीकत त्यांनीं सुमारें २५ वर्षांनीं, रा. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली.

इतक्या काळानें लिहिलेल्या आठवणीस प्रमाण मानावें काय? आमच्या मतें येथें भेद केला पाहिजे. सैन्यांच्या हालचाली भटजींनीं बहुधा ऐकलेल्या. तेथें इतर कागदांचा ताळा घ्यावा. परंतु लपून काढलेल्या घटका, तहान, प्रेतांनीं भरलेले रस्ते, यांस ते स्वतः साक्षी होत.

वैद्यांनीं १९०७ मध्यें 'माझा प्रवास' छापिला, तो भाषा सुधारून व मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत म. म. दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. मूळ राहिलें नसतें, तर साक्षीदाराची स्वतःची वाणी कायमची गेली असती.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, असे कागद अशुद्ध म्हणून टाकूं नयेत. आणि नक्कल करितांना एक अक्षरही 'शुद्ध' करूं नये.