खुबा बदलला, पण चुलीपुढे बसता येईल का?

शिरूरच्या कांद्याच्या रानात पाहा किंवा दौंडच्या उसाच्या पट्ट्यात पाहा, आपली निम्मी कामे उकिडवे बसूनच होतात. खुरपणी, धार काढणे, भाकरी थापणे. जेवायला मांडी घालायची ती वेगळीच. म्हणून खुब्याचा सांधा झिजला की पायाबरोबर सारा संसार अडतो.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. 1962 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवून ही शस्त्रक्रिया मार्गी लावली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या परदेशातील नोंदींनुसार शंभरातले सुमारे 58 कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकतात. रात्रीची झोप उडवणारी कळ थांबते, हा मोठाच लाभ.

मग काही जण नाराज का राहतात? रुग्णाला किती गुण आला हे मोजायला डॉक्टर 1969 सालची हॅरिस यांची पद्धत वापरतात. शंभरपैकी 44 गुण वेदनेचे. बाकीचे प्रश्न जिना, बस, खुर्ची, बूट-मोजे यांचे. चुलीपुढे बसता येते का, हा प्रश्न त्यात नाही! कागदावर नव्वद गुण मिळालेली आजी घरी मात्र हिरमुसलेली असू शकते.

यावर उपाय आपल्याच हाती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपला दिवस डॉक्टरांना सांगा: शेत किती लांब, संडास कसला, बसणे कुठे. पुढे मांडी घालता येईल का, हे तेव्हाच विचारा. उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते.

घरचीही तयारी करा. पहिले दीड ते तीन महिने खाली बसणे, पायावर पाय टाकणे, वाकून खुरपे उचलणे बहुधा वर्ज्य असते. उंच खाट, दांडीची खुर्ची आणि खुर्चीचा संडास आधीच आणा. स्वयंपाक ओट्यावर घ्या. धारेचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा. नुसती झीज असेल, तर सुगी आटोपल्यावरची तारीख मागा. हाड मोडले असेल तर मात्र थांबू नका. सांगितलेले व्यायाम चुकवू नका. जखमेतून पाणी आले, ताप भरला, पोटरी सुजली किंवा पाय एकाएकी टेकवेना, तर तडक दवाखाना गाठा.

खर्चाची धास्ती घेऊन दुखणे अंगावर काढू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते आधी विचारा.

तुकोबांची पालखी यवत-वरवंडला येते, तेव्हा काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी दर्शनाला जाता आले, तर ते समाधान कोणत्या गुणांत मोजायचे? ते आपले आपणच ठरवायचे, आणि डॉक्टरांना आधीच सांगायचे.