फोर्टच्या कमानी कुणी बांधायला लावल्या?

सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे दादाभाई नौरोजी रोडने निघा. भर पावसातही बराचसा रस्ता छत्री न उघडता पार होतो. एक इमारत गॉथिक, शेजारची निओक्लासिकल, पण तळमजल्यावर कमानींखालची वाट जवळपास सलग. हा योगायोग नाही. तेव्हाच्या या हॉर्नबी रोडसाठी १८९६ मध्ये नियमच झाला होता, की इमारत बांधायची तर खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवायची. वरचे मजले मालकाच्या हौसेचे, खालची सावली मात्र लोकांची! मुंबईला मिळालेला हा सगळ्यात शहाणा बांधकाम नियम, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

पुढे याच कमानी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांमागे गडप झाल्या. १९९० च्या दशकाअखेरीस वास्तुविशारद आभा लांबा यांनी पाटी किती मोठी असावी, कुठे बसावी, याचे नमुने आखले. दुकानदारांनी साथ दिली, पाट्या कमानीच्या आत सरकल्या आणि कोरीव दगड पुन्हा दिसू लागला.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज ही मैदानं उरली ती तोफांच्या कृपेने. शत्रूला आडोसा मिळू नये, मारा मोकळा राहावा, म्हणून किल्ल्याबाहेर बांधकामाला बंदी होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पडले, तरी त्या मोकळ्या जागेचे हे तुकडे राहिले. आज तिथे एकाच वेळी क्रिकेटचे दहा डाव रंगतात.

आता थोडं गणित. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाटीवाटीच्या चाळींत उजेड शिरावा म्हणून ट्रस्टने ६३.५ अंशांचा कोन धरला. सोप्या भाषेत, दोन इमारतींमध्ये १० फूट जागा असेल तर समोरची भिंत साधारण २० फुटांपर्यंतच. उजेड कोनमापकाने मोजणारा नियम!

बॅलार्ड इस्टेट तर गोदीच्या मातीवर उभी आहे. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या भरावावर ती वसली. जॉर्ज विटेट यांनी इमारतींच्या दर्शनी भागांना एकच शिस्त लावली, म्हणून तिथली गल्ली एका हातची वाटते.

१९९५ ची वारसा नियमावली ही देशातली अशी पहिली. तिने इमारतींना तीन श्रेणी दिल्या. पहिल्या श्रेणीत अत्यावश्यक जतनापलीकडे हात लावायचा नाही, तिसरीत बदलाला बराच वाव. एकेकट्या इमारतीच नव्हेत, अख्खे परिसर तिने जपले. पुढे २०१८ मध्ये ओव्हलच्या एका बाजूचं गॉथिक आणि दुसऱ्या बाजूचं आर्ट डेको, मरीन ड्राइव्हसह, युनेस्कोच्या यादीत गेलं. एकूण ९४ इमारती.

आणि मालकाचं काय? जुनी इमारत जपल्यामुळे जे मजले चढवता येत नाहीत, त्यांचा हक्क त्याला टीडीआर म्हणून मागता येतो. तो विकता येतो आणि ठरलेल्या भागात दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो. फोर्टमध्ये न चढलेला मजला असा उपनगरात जाऊन उभा राहू शकतो.