घरभाडे नियंत्रण

घरमालकाने भाडेकरूकडून घ्यावयाच्या भाड्यावर आणि भाडेकरूस जागेतून काढण्याच्या मालकाच्या हक्कावर कायद्याने घातलेली मर्यादा. युद्ध, स्थलांतर किंवा शहराची झपाट्याने होणारी वाढ यांमुळे घरांची मागणी एकाएकी वाढते. परंतु नवी घरे बांधण्यास वेळ लागतो. मधल्या काळात भाडी भरमसाट वाढून सामान्य कुटुंबे निराधार होऊ नयेत, हा नियंत्रणाचा मूळ हेतू होय. त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात : (१) भाडे विशिष्ट तारखेच्या पातळीवर गोठविणे आणि (२) भाड्यात दरवर्षी ठराविक मर्यादेपर्यंतच वाढ करू देणे. दुसऱ्या प्रकारास भाडेस्थिरीकरण म्हणतात. न्यूयॉर्क शहरात १९६९ मध्ये सुरू झालेली पद्धती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून तेथे वाढीचा दर एक मंडळ दरवर्षी ठरविते.

मुंबईतील अनुभव : मुंबईत पहिला भाडेनिर्बंध कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धकाळातील निर्बंधांच्या जागी पुढे १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम आला. त्याअन्वये १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले गेले. हा अधिनियम तात्पुरता होता. तथापि त्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. त्यामुळे गिरणगावातील कामगार व गिरगाव-दादरकडील मध्यमवर्ग यांना चाळींतून अल्प भाड्यात स्थिर निवारा लाभला. उलटपक्षी दुरुस्तीचा खर्चही भाड्यातून निघेना, म्हणून मालक डागडुजी टाळू लागले. नियंत्रित भाडे व जागेचे खरे मोल यांतील तफावत ‘पगडी’ या रूपाने रोख, पावतीविना वसूल होऊ लागली. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून जुन्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसविण्यात आला. शहर विभागातील अशा इमारतींची संख्या सु. १९,६०० होती. म्हणजे भाडे रोखल्याने थांबलेल्या दुरुस्तीचा भार काही अंशी शासनाकडे आला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी व मनमानी ठरल्याचे मत दिले. मात्र अधिनियमाची मुदत संपत आल्याने त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली, पगडीचा व्यवहार वैध केला आणि बँका, सार्वजनिक उपक्रम व मोठ्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. तथापि मूळ भाडेच अत्यल्प असल्यास अशा वाढीने फारसा फरक पडत नाही. दरमहा ५० रु. भाडे केवळ या दराने २५ वर्षांत सु. १३३ रुपयांपर्यंतच जाते.

परिणामांचा अभ्यास : नियंत्रणाचे परिणाम मोजणे अवघड असते, कारण नियंत्रित घरे बहुधा जुनीच असतात. त्यांची दुरवस्था कायद्यामुळे की वयोमानामुळे, हे साध्या तुलनेने कळत नाही. म्हणून एकाच शहरातील सारख्या घरांपैकी काहींनाच कायदा लागू झाला, अशा प्रसंगांचा संशोधक शोध घेतात. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९९४ च्या सार्वमताने १९८० पूर्वीच्या लहान बहुकुटुंबी इमारतींना नियंत्रण लागू झाले. त्यानंतर बांधलेल्या तशाच इमारती मोकळ्या राहिल्या. या दोहोंची तुलना करून डायमंड, मॅक्वेड व च्यान यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार संरक्षित भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. पण मालकांनी घरे विकून वा पुन्हा बांधून भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटविला आणि शहरातील भाडी सु. ५ टक्क्यांनी चढली. लाभ तत्कालीन भाडेकरूंना, तर भार पुढे येणाऱ्यांना, असा त्याचा अर्थ होतो. मॅसॅच्यूसेट्समधील केंब्रिज येथे १९९५ मध्ये नियंत्रण उठल्यावर कधीही नियंत्रित नसलेल्या शेजारच्या घरांचेही मूल्य वाढल्याचे दिसून आले. ग्लेझर व लट्मर यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कविषयी दाखविल्याप्रमाणे सु. एक-पंचमांश भाडेकरू गरजेपेक्षा मोठ्या वा लहान घरात राहत होते. कारण स्वस्त जागा सोडणे परवडत नाही.

भारताच्या नागरी भागांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मधील सु. ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये सु. २७ टक्क्यांवर आले; त्याच वर्षी नागरी भागांत सु. १.१ कोटी घरे रिकामी आढळली. ही घट सर्वस्वी भाडेकायद्यामुळे झाली, असे म्हणता येत नाही. सहकारी गृहसंस्था, मालकी सदनिकांची पद्धती व गृहकर्जे यांचाही त्यात वाटा आहे. मात्र एकदा दिलेली जागा परत मिळत नाही, या समजुतीने मालक घर कुलूपबंद ठेवणे पसंत करतात. केंद्र शासनाने २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात परस्परसंमत भाडे व शीघ्र तंटानिवारण यांवर भर आहे.

एकंदरीत, भाडे गोठविल्याने इमारतीचा क्षय होतो, तर मर्यादित वाढ व दुरुस्तीखर्चाची तरतूद असलेल्या स्थिरीकरणाचे दुष्परिणाम तुलनेने सौम्य असू शकतात. परंतु भाडेकरूचे स्थैर्य व नव्या घरांचा पुरवठा हे दोन्ही हेतू एकट्या भाडेकायद्याने साध्य होत नाहीत. त्यास पुरेशा गृहबांधणीची जोड आवश्यक ठरते.